रात्री दीडपर्यंत मद्य आणि संगीत : पुण्यातील रेस्टॉरंटने परवान्यांचा अर्ज कोणत्या क्रमाने करावा

पुण्यात नवे रेस्टॉरंट सुरू करणारे बहुतेक जण ‘लेट नाइट लायसन्स’ काढायचे आहे असे म्हणतात. प्रत्यक्षात अशा नावाचा एकही परवाना अस्तित्वात नाही. मद्य किती वाजेपर्यंत द्यायचे हे राज्य उत्पादन शुल्क विभागाचे नियम ठरवतात, आस्थापना किती वाजता बंद करायची याबाबत पोलीस आयुक्त आदेश काढतात, ध्वनिवर्धक किती वाजता थांबवायचा हे केंद्राच्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलेले आहे, आणि कोणते गाणे लावता येईल हे स्वामित्व हक्काच्या कायद्यावर अवलंबून आहे. या चारही गोष्टींची कार्यालये वेगळी आहेत आणि एकाने दिलेली परवानगी दुसऱ्यावर बंधनकारक नाही. रात्री दीडपर्यंत मद्य देण्याचा अधिकृत परवाना भिंतीवर लावलेला असतानाही दहा वाजून पाच मिनिटांनी गच्चीवरचा स्पीकर जप्त होऊ शकतो, आणि त्यात पोलिसांचे काहीही चुकलेले नसते.

म्हणून या लेखात अर्जाचे नमुने कसे भरावेत यापेक्षा कामाचा क्रम कसा लावावा यावर भर दिला आहे. अर्ज अडतो तो बहुतेक वेळा कागद कमी पडल्यामुळे नव्हे, तर जागा चुकीची घेतल्यामुळे. आणि तोपर्यंत अनामत रक्कम, सजावट आणि स्वयंपाकघर यांवर पैसे खर्च होऊन गेलेले असतात.

जागा : भाडेकरारापूर्वीची तपासणी

पहिला प्रश्न हद्दीचा आहे. १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवडचे पोलीस आयुक्तालय स्वतंत्र झाले असून हिंजवडी आणि वाकड हे भाग त्याच्या अखत्यारीत येतात. कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, मुंढवा, विमाननगर हे भाग पुणे पोलीस आयुक्तालयाकडे आहेत. कॅम्पात आणि खडकीत महापालिकेऐवजी कटक मंडळाशी व्यवहार करावा लागतो. शहराच्या कडेला पीएमआरडीएची (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) हद्द लागते आणि तेथे बांधकाम परवानगीची फाइल वेगळ्याच कार्यालयात असते. मद्यपरवान्यासाठी मात्र या सर्व ठिकाणी परवाना देणारे अधिकारी पुण्याचे जिल्हाधिकारीच आहेत आणि फाइल राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या अधीक्षक कार्यालयामार्फत चालते.

दुसरी तपासणी अंतराची. मुंबई विदेशी मद्य नियम, १९५३ यांनुसार शैक्षणिक आणि धार्मिक संस्थेपासून ७५ मीटरच्या आत नवा परवाना मिळत नाही. हे अंतर नकाशावर सरळ रेघ ओढून मोजायचे नसते. पायी जाणारा माणूस नेहमी ज्या जवळच्या वाटेने जाईल त्या वाटेने, आपल्या प्रवेशद्वाराच्या मध्यापासून संस्थेच्या फाटकाच्या मध्यापर्यंत ते मोजतात; संस्थेला कुंपणभिंत नसेल तर तिच्या इमारतीच्या जवळच्या दारापर्यंत. त्यामुळे समोरच दिसणारे मंदिर दुभाजकामुळे नियमात बसू शकते, तर मागच्या गल्लीतली बालवाडी अर्ज पाडू शकते. भाडेकरारावर सही करण्याआधी स्वतः टेप घेऊन दोन-तीन वाटा मोजाव्यात आणि इमारतीच्या वरच्या मजल्यांवर नोंदणीकृत शाळा किंवा प्रार्थनास्थळ आहे का हेही विचारावे. कोपऱ्यावरचे छोटे देऊळ नोंदणीकृत संस्था आहे की नाही हा वाद पुण्यात वारंवार होतो आणि तो पाहणी अहवालाच्या वेळी सोडवत बसण्यापेक्षा ती जागा सोडलेली बरी.

महामार्गाचा प्रश्न अजूनही अनेकांना धास्ती देतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ डिसेंबर २०१६ रोजी राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आतील मद्यविक्रीवर बंदी घातली, ३१ मार्च २०१७ रोजी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर केले, आणि जुलै २०१७ मध्ये पालिका हद्दीतील परवान्यांना हा आदेश आड येत नाही असे स्पष्ट केले. महापालिका हद्दीतील जागेला म्हणून तो प्रश्न उरत नाही. हद्दीबाहेर ढाबावजा रेस्टॉरंट काढणाऱ्याने मात्र तो आधी तपासावा.

तिसरी तपासणी इमारतीच्या कागदांची. भोगवटा प्रमाणपत्रात त्या गाळ्याचा वापर वाणिज्य असा नमूद असला पाहिजे आणि तुम्ही ज्या जागेत टेबले लावणार आहात ती जागा मंजूर नकाशात त्याच वापरासाठी दाखवलेली असली पाहिजे. पुढची मोकळी जागा, बाजूचे सामासिक अंतर (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा), गच्ची आणि वाहनतळ या चार जागांवर पत्र्याचे छप्पर घालून टेबले मांडण्याची सवय पुण्यात जुनी आहे, आणि परवाना देताना किंवा नंतर तपासणीत सर्वांत आधी नेमक्या याच जागा पाहिल्या जातात. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईतील कमला मिल आवारात गच्चीवरील आस्थापनांना लागलेल्या आगीत १४ जणांचा जीव गेला. त्यानंतर गच्चीवरील बांधकामाकडे कानाडोळा होईल या भरवशावर आराखडा करणे हा शुद्ध जुगार आहे. मालक ‘सगळे असेच करतात’ म्हणाला, तर तेच वाक्य करारात लिहून देण्यास सांगावे. उत्तर लगेच मिळते.

इमारत निवासी-वाणिज्य असेल तर सोसायटीचे ना हरकत पत्र घ्यावे. मार्च २०२५ मध्ये राज्य सरकारने सोसायटीच्या आवारातील नव्या बिअर आणि दारूच्या दुकानांसाठी हे पत्र बंधनकारक करण्याची घोषणा विधानसभेत केली. ती घोषणा दुकानांबद्दल होती, रेस्टॉरंटबद्दल नव्हती, हा तांत्रिक फरक खरा आहे. पण सोसायटीचा लेखी विरोध असलेली फाइल पोलीस अहवालात कशी रंगते हे पाहिलेला माणूस त्या फरकावर विसंबणार नाही. पत्र सर्वसाधारण सभेच्या ठरावासह घ्यावे, केवळ अध्यक्षांच्या सहीचे नव्हे, आणि त्यात मद्य व संगीत हे दोन्ही शब्द स्पष्ट लिहून घ्यावेत.

पायाभूत परवाने

येथे फार थांबण्याचे कारण नाही, कारण हे बहुतेकांना ठाऊक असते. एफएसएसएआयचा अन्न परवाना, महापालिकेच्या आरोग्य खात्याचा परवाना, २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमाखालील नोंदणी, पाटीसाठी आकाशचिन्ह परवाना, जीएसटी आणि मद्यासाठी स्वतंत्र व्हॅट नोंदणी एवढे हवे. अग्निशमन मात्र हलके घेऊ नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा बसवून तिचे प्रमाणपत्र घ्यावे लागते आणि ती चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी व जुलै अशा दोन वेळा सादर करावे लागते. ध्वनिरोधासाठी तुम्ही जो फोम किंवा पॅनेल लावणार आहात, ते अग्निरोधक असल्याचे उत्पादकाचे पत्र याच टप्प्यावर मागून ठेवावे. स्वस्त फोम आगीत काय करतो हे सांगण्याची गरज नसावी.

आवाज : अर्जाआधी भिंत

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० यांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या काळात ध्वनिवर्धक, वाद्य किंवा आवाज वाढवणारे कोणतेही साधन वापरता येत नाही. अपवाद आहे तो बंदिस्त जागेत, आतल्या आत वापरण्याचा. वर्षातील काही सणांच्या दिवशी मध्यरात्रीपर्यंत सूट मिळते, ती जास्तीत जास्त १५ दिवसांची असते आणि सांस्कृतिक वा धार्मिक प्रसंगांसाठी असते. तुमच्या शनिवारच्या डीजेसाठी नसते. याचा सरळ अर्थ असा, की उघडी गच्ची, अंगण, उघडझाप होणाऱ्या काचांचा व्हरांडा येथे दहानंतर संगीत नाही, मग मद्यपरवाना काहीही म्हणो. पुणे पोलिसांनी २०२४ मध्ये काढलेल्या आदेशांतही गच्चीवरील संगीत दहाला थांबवण्याचा मुद्दा होता. दीडपर्यंत संगीत हवे असेल तर चार भिंती, छत आणि बंद राहणारे दार असलेले दालन हवे, आणि ते आराखड्यातच हवे.

बंदिस्त दालन असले तरी मर्यादा संपत नाही. रात्रीची मानके वाणिज्य क्षेत्रात ५५ डेसिबल आणि निवासी क्षेत्रात ४५ डेसिबल आहेत. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत घोषित होऊ शकणाऱ्या शांतता क्षेत्रात ४०. खासगी जागेच्या सीमेवरील आवाज परिसराच्या मानकापेक्षा ५ डेसिबलहून अधिक वाढता कामा नये. आता हिशेब करून पाहावा. डीजे चालू असताना नाचण्याच्या जागेत ९५ डेसिबल सहज होतात. शेजारी निवासी इमारत असेल तर वाटेत जवळजवळ ४५ डेसिबल अडवावे लागतात. नीट गिलावा केलेली नऊ इंची विटांची भिंत एवढे काम करू शकते. पण रस्त्याकडे तोंड करून लावलेली एकेरी काच साधारण ३० च्या आसपासच अडवते. म्हणजे वास्तुविशारदाने ज्या काचेच्या दर्शनी भागासाठी जागा सुचवली, तोच भाग परवान्याच्या मुळावर येतो. काच हवीच असेल तर मध्ये हवेची पोकळी ठेवून दुहेरी काच घ्यावी, आणि प्रवेशाला दोन दारांची मधली खोली ठेवावी, म्हणजे एक दार उघडे असताना दुसरे बंद राहील. प्रत्येक पाहुण्याच्या येण्याबरोबर रस्त्यावर फुटणारा आवाज हा तक्रारींचा मुख्य उगम असतो.

आणखी एक गोष्ट मोजमापाच्या यंत्रात दिसत नाही. नियमातील डेसिबल ज्या पद्धतीने मोजतात, तिच्यात खालच्या पट्टीतल्या आवाजाला कमी महत्त्व दिले जाते. ढोल, बास गिटार आणि सबवूफर यांचा थरथराट स्लॅबमधून वरच्या मजल्यावर पोहोचतो, तेथे राहणाऱ्या माणसाला छातीत जाणवतो, आणि तरीही मापक नियमात बसणारा आकडा दाखवतो. तुम्ही कायद्याने बरोबर आणि तरीही दर शनिवारी ११२ वर तक्रार, अशी स्थिती येथूनच निर्माण होते. सबवूफर थेट जमिनीवर किंवा भिंतीला लावू नये, त्याखाली रबराचे बैठक-पॅड घालावेत, आणि ध्वनियंत्रणेत लिमिटर (आवाज ठरवलेल्या पातळीपुढे जाऊ न देणारे उपकरण) बसवून त्याची किल्ली डीजेकडे नव्हे तर व्यवस्थापकाकडे ठेवावी. उद्घाटनाआधी एखाद्या रात्री पूर्ण आवाजात यंत्रणा चालवून सीमेवर आणि वरच्या मजल्यावरील घरात मोजणी करावी व तज्ज्ञाचा सही-शिक्क्याचा अहवाल घ्यावा. हा अहवाल पोलिसांच्या फाइलला जोडण्यासारखा सर्वांत उपयोगी कागद आहे, आणि बहुतेक अर्जदार तो जोडत नाहीत.

मद्यपरवाना

रेस्टॉरंटसाठी परवाना दोन प्रकारचा. सर्व प्रकारची विदेशी मद्ये द्यायची असतील तर एफएल-३, ज्याला सगळे परमिट रूमचा परवाना म्हणतात. केवळ बिअर-वाइनसारखे सौम्य मद्य द्यायचे असेल तर नमुना ‘ई’. ज्यांचा भर जेवणावर आहे त्यांनी दुसऱ्याचा गंभीरपणे विचार करावा. एफएल-३ चे वार्षिक शुल्क शहराच्या लोकसंख्येनुसार ठरते, त्यामुळे पुण्यात ते वरच्या गटात येते, आणि दोन वर्षे तोटा सहन करायची तयारी नसलेल्या छोट्या रेस्टॉरंटचे गणित त्या एका आकड्याने बिघडते. अर्जाआधी त्या वर्षीचे शुल्क विभागाच्या संकेतस्थळावरून घ्यावे, दलालाच्या तोंडून नव्हे.

अर्ज विभागाच्या ऑनलाइन सेवेतून करावा. सोबत भागीदारीपत्र किंवा कंपनीची कागदपत्रे, सर्व भागीदारांची ओळखपत्रे व चारित्र्य पडताळणी, जागेच्या मालकीचा पुरावा आणि नोंदणीकृत भाडेकरार, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, वर सांगितलेले पायाभूत परवाने आणि सोसायटीचा ठराव जोडावा. भाडेकराराचा कालावधी आणि त्यातील वापराचे कलम दोन्ही तपासावे. ‘उपाहारगृह’ एवढेच लिहिलेले असेल तर मद्य आणि संगीत असे शब्द घालून पुरवणी करार करून घ्यावा. त्यानंतर विभागाचा निरीक्षक जागेची पाहणी करतो, स्थानिक पोलिसांचा अहवाल मागवला जातो, आणि अधीक्षकांच्या शिफारशीसह फाइल जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते.

या साऱ्यात जीव असतो तो नकाशात. मद्य कुठे द्यायचे, कुठे साठवायचे, काउंटर कुठे, कुटुंबांसाठीची बैठक कुठे, स्त्री-पुरुषांची स्वच्छतागृहे कुठे हे लाल-निळ्या रेषांनी दाखवलेला नकाशा एकदा मंजूर झाला, की त्या रेषेबाहेरच्या टेबलावर दिलेला एक पेलासुद्धा नकाशाबाहेरील विक्री ठरतो. म्हणून पुढील तीन वर्षांत जेथे बसवण्याची शक्यता आहे, अशा कायदेशीर जागेचा विचार आताच करावा. नंतरचा बदल म्हणजे पुन्हा अर्ज आणि पुन्हा शुल्क. संगीताचे बंदिस्त दालन आणि मद्याची मंजूर जागा ही एकच असावी, नाहीतर दहानंतर पाहुण्यांना एका हाताला मद्य आणि दुसऱ्या हाताला संगीत अशी विचित्र विभागणी होते.

जुना परवाना असलेली जागा चालवायला घेण्याचा मार्ग अनेकांना सोपा वाटतो. जून २०२५ च्या मंत्रिमंडळ निर्णयाने एफएल-३ परवाना जादा शुल्क भरून करारावर चालवायला देण्याची वाट मोकळी केली, तरी ती विभागाच्या मंजुरीनेच. परवाना एकाच्या नावावर आणि गल्ला दुसऱ्याच्या हातात, अशी तोंडी व्यवस्था तपासणीत पहिल्याच प्रश्नाला कोसळते.

वेळेबाबत : पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत एफएल-३ आस्थापनेला रात्री दीडची मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याने दुकाने-आस्थापनांना चोवीस तास उघडी ठेवण्याची मुभा पुन्हा स्पष्ट केली तेव्हा अनेकांनी ती आपल्यालाही लागू झाली असे समजून घेतले; मद्य देणाऱ्या आस्थापना त्यातून वगळलेल्या आहेत. दीड म्हणजे शटर बंद होण्याची वेळ. शेवटची ऑर्डर एक वाजता घ्यावी, त्यानंतर दिवे थोडे वाढवावेत आणि बिले टेबलावर ठेवावीत. दीडला शेवटचा पेला देणारे रेस्टॉरंट दोनपर्यंत उघडेच राहते.

पोलीस आणि संगीताची परवानगी

थेट गायन, बँड, डीजे, स्टँड-अप यांसारखा सार्वजनिक करमणुकीचा कार्यक्रम महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ खालील नियमांच्या कक्षेत येतो आणि त्याची परवानगी आयुक्तालयाच्या परवाना शाखेकडून घ्यावी लागते. तेथे अर्ज देताना कार्यक्रमाचा प्रकार, दालनाचे क्षेत्रफळ, जास्तीत जास्त किती माणसे, आपत्कालीन बाहेर पडण्याच्या वाटा, वाहनतळ, सुरक्षा रक्षक आणि सीसीटीव्ही यांची माहिती द्यावी. ‘लाइव्ह म्युझिक’ असे मोघम लिहू नये. दोन गायक आणि ध्वनिक गिटार, की पाच जणांचा बँड, की डीजे, हे लिहावे, कारण तुमची खरी गरज पहिल्यातच भागत असेल तर परवानगी मिळणे आणि टिकणे दोन्ही सोपे होते. नृत्याचा कार्यक्रम हा वेगळाच विषय असून त्याला २०१६ चा स्वतंत्र कायदा लागू आहे. संगीताच्या परवानगीत तो अंतर्भूत नसतो.

स्थानिक पोलीस ठाण्याच्या अहवालावर बरेच अवलंबून असते. वरिष्ठ निरीक्षकांना अर्जाआधी भेटून ध्वनी अहवाल आणि सोसायटीचा ठराव दाखवावा. मागच्या वाहनतळात रात्री गाड्या कशा लावल्या जातील, चौकात कोंडी कशी टळेल, हे प्रश्न तेथे संगीतापेक्षा आधी विचारले जातात.

गाण्यांचे हक्क

ध्वनिमुद्रित गाणी लावण्यासाठी स्वामित्व हक्काच्या १९५७ च्या कायद्यानुसार परवानगी लागते. ध्वनिमुद्रणाचे हक्क पीपीएल आणि नोव्हेक्स या कंपन्यांकडे, गीत-संगीताचे हक्क आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे, अशी साधारण विभागणी आहे. पीपीएल आणि नोव्हेक्सला परवाने देण्याचा अधिकार आहे का, हा वाद न्यायालयांत लांबला. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला. वाद कसाही सुटो, पुण्यातील रेस्टॉरंटने वर्षभराचे शुल्क खर्चात धरूनच चालावे. घरगुती वापराच्या ॲपची वर्गणी भरली म्हणजे गिऱ्हाइकांसमोर गाणी लावण्याचा हक्क मिळाला, असे होत नाही.

परवाना मिळाल्यावर

१९ मे २०२४ च्या कल्याणीनगर अपघातानंतर, ज्यात अल्पवयीन चालकाने आदल्या संध्याकाळी मद्य घेतल्याचा आरोप होता, पुण्यातील तपासण्या कडक झाल्या. बिअर-वाइनसाठी २१ आणि इतर मद्यासाठी २५ ही वयोमर्यादा दारात तपासावी, टेबलावर नव्हे. मद्य पिणाऱ्या प्रत्येकाकडे वैयक्तिक परवाना हवा. नसल्यास एकदिवसीय परवाना द्यावा आणि त्याची नोंद ठेवावी. ही पाच रुपयांची चिठ्ठी देण्याचा कंटाळा हा अगदी टाळता येण्याजोगा गुन्हा आहे. मद्य हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याचा नोकरनामा विभागाकडे नोंदवावा, ब्रँडवार साठा आणि विक्रीची नोंद त्याच रात्री करावी, आणि सर्व खरेदी परवानाधारक घाऊक विक्रेत्याकडूनच वाहतूक पासासह करावी. बिलात जेवणावरील जीएसटी आणि मद्यावरील व्हॅट वेगळे दाखवावेत. परमिट रूममधील मद्यावरचा व्हॅट नोव्हेंबर २०२३ पासून १० टक्के आहे. रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या महिला कर्मचाऱ्यांची लेखी संमती घ्यावी आणि त्यांना घरी सोडण्याची व्यवस्था करावी.

कोरड्या दिवसांची (मद्यविक्री बंद असलेल्या ‘ड्राय डे’ची) यादी वर्षारंभी व्यवस्थापकाच्या टेबलावर लावावी, पण ती अपुरी असते हे लक्षात ठेवावे. निवडणुकीत मतदान संपण्याआधीचे ४८ तास, गणेशविसर्जन आणि आषाढीच्या वारीत पालख्यांचा नाना पेठ-भवानी पेठेतील मुक्काम, यांसाठी जिल्हाधिकारी वेगळे आदेश काढतात, आणि कधी ते ठरावीक भागापुरतेच असतात. उलट नाताळ आणि ३१ डिसेंबरला पहाटे पाचपर्यंत सूट देण्याचा आदेश बहुतेक वर्षी निघतो. ती सूट मद्यविक्रीच्या वेळेला असते, ध्वनिवर्धकाच्या नियमाला नव्हे, म्हणून त्या रात्रीही संगीत बंदिस्त दालनातच ठेवावे.

एफएल-३ परवाना आर्थिक वर्षाचा असतो आणि ३१ मार्चला संपतो. नूतनीकरणाची तयारी फेब्रुवारीत सुरू करावी, कारण त्याच वेळी जानेवारीचे अग्निशमन प्रमाणपत्र हाताशी असते, आणि वर्षभरातील पोलीस तक्रारींची नोंद, भागीदारांतील बदल किंवा नकाशातील फरक निस्तरायला पाच-सहा आठवडे मिळतात.